भांड्यावरची खूण

वैनगंगेच्या तीरावर वसलेले भंडारा हे शहर पितळेच्या भांड्यांकरिता फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तांबे व जस्त एकत्र वितळवून पितळ करावयाचे आणि ते ठोकून त्याची भांडी घडवावयाची, हे तेथील कारागिरांचे कौशल्य होय. गुंड, गंज, परात, गंगाळ अशी कितीतरी भांडी त्यांच्या हातून घडली आणि घरोघरी गेली.

या भांड्यांवर पुष्कळदा एक लहानशी खूण आढळते. लग्नात भांडे आहेर म्हणून द्यावयाचे झाले, म्हणजे त्यावर नाव घालण्याची आपल्याकडे रीत आहे. भांड्याच्या काठाशी देणाऱ्याचे नाव आणि बहुधा लग्नाचा दिवसही कोरलेला असतो. कोण्या आजीच्या मामाने कोणत्या साली तिला गुंड दिला, हे त्या एका ओळीवरून कळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियमची व स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघरी आली आणि पितळेची भांडी माळ्यावर गेली. पितळेचा एक गुण असा, की भांडे कितीही जुने झाले, तरी धातूचे मोल उरते. हाच गुण जुन्या भांड्यांच्या मुळावर आला. दुकानदार जुने भांडे तोलून मोडीत घेतो. ते भट्टीत वितळते, आणि त्याबरोबर त्यावरचे नावही नाहीसे होते.

चिनी मातीच्या भांड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. फुटलेली बशी वितळवून तिची नवी बशी करता येत नाही. म्हणून अशी नाजूक वस्तू दोन-दोनशे वर्षे धड राहिली, तर तिचे मोल तोलून ठरत नाही; तिच्या इतिहासावरून ठरते. इंग्लंडातील जुनी भांडी विकत घेऊन जमविणारे रसिक आज जगात ठिकठिकाणी आढळतात.

ही भांडी घडविण्याची विद्या मूळची चीनची. युरोपातील लोक कित्येक शतके ती भांडी चीनकडून विकत घेत. पुढे 1710 मध्ये जर्मनीतील माइसेन येथे त्यांचा कारखाना निघाला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात चेल्सी, बो, वूस्टर या ठिकाणी कारखाने उभे राहिले. इंग्लंडातील कारागिरांनी मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळून शुभ्र व चिवट भांडी तयार केली.

जाणता ग्राहक असे भांडे घेताना प्रथम ते उलटे करून तळ पाहतो. तेथे कारखान्याची खूण असते. चेल्सीची खूण नांगर, तर वूस्टरची चंद्रकोर. परंतु खुणेवरच त्याचा विश्वास बसत नाही, कारण प्रसिद्ध कारखान्यांच्या खुणांची नक्कल पुष्कळांनी केली आहे. म्हणून तो भांडे उजेडासमोर धरतो. अस्सल पातळ भांड्यातून प्रकाश मंदपणे झिरपतो. मग तो बोटाने हलकेच टिचकी मारून पाहतो. धड भांडे खणखणीत वाजते. तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो. तळावरील अक्षरेही तो वाचतो. परदेशी मालावर देशाचे नाव हवे, असा नियम अमेरिकेने 1891 मध्ये लागू केला आणि तेव्हापासून ‘इंग्लंड’ हा शब्द भांड्यांवर सर्रास दिसू लागला. तेव्हा असा शब्द असलेली बशी कोणी दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून विकू लागला, तर ग्राहकाने सावध व्हावे.

आपल्याकडील घरगुती वस्तूंकडेही अशाच दृष्टीने पाहणारे एक गृहस्थ पुण्यात होऊन गेले. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर (1896–1990). ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, वज्री, भांडी अशा लोकांनी अडगळीत टाकलेल्या हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमविल्या. या कामी पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. आपल्या बालवयात निधन पावलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि पुढे सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला.

प्रत्येक घराला जुने भांडे जपून ठेवणे शक्य होते असे नाही. अडीअडचणीला तेच भांडे मोडून पैसा उभा करावा लागतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु भांडे मोडीत जाण्यापूर्वी त्यावरचे नाव व साल वहीत उतरवून घेण्यास पैसा लागत नाही. ते भांडे कोणी दिले, त्यात काय शिजत असे, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारावे. भट्टीत धातू वितळतो; वहीत उतरलेली आठवण वितळत नाही.

स्वाध्याय
1. पितळेचा कोणता गुण जुन्या भांड्यांच्या मुळावर आला?
2. तळावरील खूण पाहूनही जाणता ग्राहक आणखी परीक्षा का करतो?
3. घरातील एखाद्या जुन्या भांड्याची माहिती विचारून दहा ओळींत लिहा.