वाड्यावर जाशील तेव्हा

अल्पाका बघायला पेरूला जायचं तुझं स्वप्न मला फार आवडलं, पोरी. जरूर जा. पण सूत कातणाऱ्या बाईने आधी आपल्या दारात येणारी लोकर हातात घेतलेली असावी, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

भातकापणी उरकली, दिवाळी झाली की घाटावरचे धनगर दख्खनी मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरतात. त्यांच्या मुलखात पाऊस कमी, चारा लवकर सरतो. इकडे शेतं मोकळी झालेली असतात, बांधावर गवत असतं. मृगाच्या आधी ते परत चढतात, कारण आपल्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. तुला मधले मोजकेच महिने मिळतात.

त्यांच्या मुक्कामाचा वाडा शोधायचा तर पेणहून रोह्याच्या गाडीत खिडकीशी बस. कासू सुटलं की दोन्हीकडच्या शेतांवर नजर ठेव. कळप दिसला तर पुढच्या स्टेशनला, नागोठण्याला नाहीतर निडीला उतर आणि चहाच्या टपरीवर विचार, ‘मेंढरं कुणाच्या शेतात बसलीत?’ प्रश्न याच शब्दांत विचार. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतो आणि त्याबद्दल धनगराला भात किंवा पैसे देतो. शेताचा मालक कळला की वाडा सापडला. ‘धनगरवाडा कुठे?’ असं विचारलंस तर लोक तुला डोंगरावर पाठवतील. तिथे गवळी-धनगर राहतात. त्यांच्याकडे गाईम्हशी असतात, लोकर नसते. पहिल्या वेळी मी भर उन्हात अशीच एका डोंगरावर चढून गेले होते. त्या घरच्या म्हातारीने ताक पाजलं आणि वाटेवर आणून सोडलं, तेव्हा हा फरक कळला.

फिरस्त्या धनगरांचा वाडा म्हणजे काही कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि कोंबड्या. सगळं घर घोड्याच्या पाठीवर मावतं. सकाळी जाऊ नकोस. तेव्हा पुरुष मेंढरं घेऊन चरायला निघालेले असतात आणि बायका बिऱ्हाड बांधून घोड्यांवर लादत असतात. त्या वेळी पाहुणा म्हणजे अडचण. दुपार कलली, नव्या शेतात चूल मांडून झाली की जा. लांबूनच हाक मार, ‘मावशी, कुत्री धरा!’ कुणी उठून आल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नकोस. ती कुत्री लांडग्याला, बिबट्याला हटकणारी आहेत. वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ओलांडायची नाही.

मेंढरं किती, हे विचारू नकोस. बँकेत पैसे किती, असं कुणी आपल्याला विचारलं तर कसं वाटेल? फोटो काढायचा तर बाईला विचारून. आणि मावळेपर्यंत थांबच. दिवसभर कोकरं वाड्यावर असतात. कळप परतला की माया ओरडतात, कोकरं ओरडतात, आणि त्या गोंधळात प्रत्येक मेंढी हुंगून आपलंच पोर शोधते. दरवेळी ते बघताना माझे डोळे भरून येतात.

आता लोकरीचं. दख्खनी मेंढीची वर्षातून दोनदा कातर होते. कातरीआधी मेंढरं ओढ्यात धुतात, त्यामुळे धुतलेली लोकर मिळाली तर तीच घे. सगळ्यात मऊ ते जावळ, कोकराची पहिली कातर. ते थोडंच मिळतं, त्याची घोंगडी जपून ठेवण्यासारखी होते. मोठ्या मेंढीची लोकर घेताना पाठीची आणि खांद्याची घे, पोटाची आणि पायाची सोड. एक बट दोन्ही हातांत धरून कानाजवळ झटका दे; तुटल्याचा आवाज आला तर ती लोकर कमजोर. कुसळं आणि गोखरू तिथेच बसून वेचून टाक, घरी नेलीस की ती बोटात शिरतात.

तुझ्या मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा, अल्पाकाचा त्याहून थोडा जाड. आपल्या दख्खनीचा मेरिनोच्या जवळपास दुप्पट. गळ्याशी ती टोचणारच. तिचा स्वेटर विणायचा हट्ट धरू नकोस आणि टोचते म्हणून तिला नावं ठेवू नकोस. आसन, सतरंजी, पिशवी आणि घोंगडी हे तिचं काम. लावणीच्या वेळी आमच्याकडे गडी घोंगडीची खोळ घेत. पावसाचं पाणी वरून निथळायचं आणि आत ऊब राहायची. काळी लोकर काळीच ठेव, रंगवू नकोस. काळा, करडा आणि पांढरा वेगळे करून ठेवलेस की पट्टे विणायला तेवढे पुरतात.

धुताना कोमट पाण्यात रिठा, आणि चोळायचं नाही. मी एकदा कढत पाण्यात घालून साबणाने चोळली, लगेच गार पाण्यात काढली, आणि दोन किलो लोकरीचा एक गोळा झाला. तो परत सुटला नाही. सावलीत वाळव, पिंजून पेळू कर, मग कात. घोंगडीसाठी ताणा लावणार असशील तर चिंचोक्याची खळ लागेल. चिंचोके भाजून, साल काढून, दळून शिजवायचे आणि ती खळ कुंचल्याने ताण्यावर फिरवायची. खळ नसेल तर हे खरबरीत सूत मागावर एकमेकांत अडकतं.

पैशांबद्दल एक गोष्ट नीट ऐक. या लोकरीला आज इतका कमी भाव आहे की पुष्कळदा कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. कातरलेली लोकर बांधावर टाकून वाडा पुढे निघून जातो, हे मी पाहिलं आहे. मेंढपाळ आता मटणासाठी सांगलीकडच्या माडग्याळसारख्या, लोकर नसल्यात जमा असलेल्या जातीकडे वळत आहेत. त्यांना दोष देता येत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण कातणाऱ्यांनी लोकर घेतली नाही तर काळी दख्खनी कशासाठी टिकेल? म्हणून सांगतील त्या किमतीत घासाघीस करू नकोस. फुकट घेऊन जा म्हणाले तरी पैसे ठेवून ये. पुढच्या वर्षी मला एवढी लोकर लागेल, असं सांगून फोन नंबर दे. पुढे त्याच मावशी तुला जावळ राखून ठेवतील.

जाताना चहापत्ती आणि गूळ ने. माझी टकळीही ने. वाड्यावरच्या म्हातारीच्या हातात ती दे आणि तिची बोटं बघ.