ओंजळभर पाण्यातील जाती



केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत आपण सर्वजण केव्हा ना केव्हा बसलो आहोत. सह्याद्रीत उगम पावलेली तेरेखोल नदी गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्या सीमेवरून वाहत येऊन येथेच अरबी समुद्रास मिळते. बोटीच्या कठड्यावरून पाहिले, तर पलीकडचा किल्ला आणि अलीकडची सुरूची झाडे आपले लक्ष वेधून घेतात. मधले पाणी मात्र आपणांस रिकामेच वाटते. या रिकाम्या वाटणाऱ्या पाण्यात काय आहे, आणि जे आहे त्याला अचूक नाव देणे किती अवघड आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

बारीक विणीच्या कापडाची नरसाळ्याच्या आकाराची एक पिशवी शिवावी, तिच्या तोंडाशी तारेचे कडे बसवावे आणि निमुळत्या टोकाला एक छोटी बाटली बांधावी. वडील माणसाला बरोबर घेऊन भरतीच्या वेळी हे जाळे पाण्यातून पाचदहा मिनिटे सावकाश ओढावे. मग बाटली उजेडासमोर धरली, म्हणजे पाण्यात असंख्य ठिपके दिसतात. काही ठिपके नुसते तरंगतात, काही मात्र झटका देऊन पुढे उडी घेतात. हे उड्या घेणारे जीव बहुतेक कोपेपॉड असतात. ग्रीक भाषेत ‘कोपे’ म्हणजे वल्हे आणि ‘पोउस’ म्हणजे पाय. वल्ह्यासारख्या पायांनी पाणी मागे सारणारा, म्हणून आपण त्याला ‘वल्हेपायी’ म्हणू.

हा खेकडा आणि कोळंबी यांचा आप्त. त्यांच्याप्रमाणेच याचेही अंग कवचाने झाकलेले असते व पाय सांध्यासांध्यांचे असतात. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांना ‘प्लवक’ म्हणतात; समुद्रातील प्राणिप्लवकांत संख्येने बहुधा वल्हेपायीच सर्वांत अधिक असतात. आजवर यांच्या १०,००० हून अधिक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांतील पुष्कळ प्रौढ जीवांची लांबी एक-दोन मिलिमीटरच भरते. तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीत असे तीनचार जीव सहज मावतील.

एवढ्या लहान जीवांचे वर्गीकरण करताना प्रथम कोणते लक्षण डोळ्यांत भरते? अर्थातच आकार. थोर एकीकडे, धाकटे दुसरीकडे. परंतु येथेच पहिला धोका आहे. माझ्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगतो. एका नमुन्यातून एकाच वंशाचे दिसणारे जीव मी सुईच्या टोकाने वेगळे काढले. थोरांची एक रास झाली, धाकट्यांची दुसरी. मधल्या मापाचे जवळजवळ कोणीच उरले नाही. दोन राशी म्हणजे दोन जाती, असा निर्णय करून मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या व मोठ्या अभिमानाने गुरुजींपुढे ठेवल्या. गुरुजींनी शाबासकी दिली नाही आणि ते रागावलेही नाहीत. “पाचवा पाय पाहिलास का?” एवढेच त्यांनी विचारले. मी पाहिला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा उलगडा झाला. थोर त्या साऱ्या माद्या होत्या आणि धाकटे ते त्यांचेच नर. मी एकाच घरच्या माणसांना दोन आडनावे देऊन बसलो होतो. त्या चिठ्ठ्या बाटल्यांवर तशाच चिकटल्या असत्या, तर पुढे त्या वाचणाऱ्या प्रत्येकाने माझी चूक खरी मानली असती.

गुरुजींनी पाचव्या पायाविषयीच का विचारले? वल्हेपायी जीवांच्या धडाखाली पोहण्याच्या पायांच्या जोड्या असतात. कॅलॅनॉयडा या मोठ्या गणात पाचव्या जोडीची घडण नर व मादी यांत वेगळी असते, आणि जातीजातींतही वेगळी असते. कोठे काटे किती, खंड किती, कडेला दात आहेत की नाहीत, हे सर्व तेथे पाहावयाचे असते. नराचा हा पाय पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा नसतो; समागमाच्या वेळी मादीला धरण्यासाठी तो उपयोगी पडतो. म्हणून अभ्यासक आधी पाय पाहतो आणि मग लांबी मोजतो.

दुसरा धोका वयाचा. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू आईबापांसारखे मुळीच दिसत नाही. त्या डिंभाला ‘नॉप्लियस’ म्हणतात. त्याच्या सहा अवस्था होतात, त्यानंतर ‘कोपेपोडाइट’ नावाच्या पाच अवस्था, आणि सहावी अवस्था म्हणजे प्रौढ जीव. प्रत्येक पायरीवर तो कात टाकतो व वाढतो. प्रौढ झाल्यावर मात्र तो पुन्हा कात टाकीत नाही, म्हणून त्याची लांबीही वाढत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. प्रौढाची लांबी त्याचे वय सांगत नाही. तो ज्या पाण्यात वाढला, त्या पाण्याची हकीकत सांगते.

ती कशी? थंड पाण्यात वाढलेले जीव सामान्यतः लांब भरतात व उबदार पाण्यात वाढलेले आखूड. ऊब मिळाली की अवस्था भराभर पालटतात. अंगाची वाढ मात्र त्या वेगाने होत नाही. घाईने पिकलेला आंबा जसा पुरता भरत नाही, तसेच हे. अन्नाची विपुलता किंवा टंचाई यांचाही परिणाम होतो. स्कॉटलंडमध्ये शीना मार्शल आणि ए. पी. ऑर या दोघांनी अनेक वर्षे ‘कॅलॅनस’ या वंशाचा अभ्यास केला व १९५५ साली त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या समुद्रात एकाच जातीच्या वसंतातील पिढीची लांबी नंतरच्या पिढ्यांहून अधिक भरत असे. आपल्याकडे उष्ण कटिबंधात पाण्याचे तापमान वर्षभरात तेवढे पालटत नाही. परंतु पावसाळ्यात नदीच्या पुराने खाडीच्या वरच्या थरातील खारेपणा एकदम उतरतो, आणि मग केवळ मापेच नव्हेत, तर तेथे राहणाऱ्या जातीही बदलतात. म्हणून मे महिन्यातील बाटली व जुलैमधील बाटली यांची तुलना तारीख न लिहिता करणे व्यर्थ होय.

आता आकारावर भिस्त ठेवल्याने जाणत्यांचीही कशी फसगत झाली, ते पाहा. १७७० साली गुन्नेरुस नावाच्या नॉर्वेतील एका बिशपने उत्तरेकडील समुद्रातील एका वल्हेपायीचे वर्णन केले. फिनमार्क प्रदेशावरून त्या जातीस ‘फिनमार्किकस’ हे नाव मिळाले. पुढे १९५५ साली याश्नोव या रशियन शास्त्रज्ञाने त्यातून थंड पाण्यातील थोर जीव वेगळे काढून त्यांना ‘ग्लेशिॲलिस’ असे नवे नाव दिले. दोघांची अंगकाठी इतकी सारखी की, लांबीचा आकडा ठरवून त्याच्या आत तो पहिला व त्याच्या पुढे तो दुसरा, अशी वहिवाट पडली. पुढे जनुकांची परीक्षा करण्याची साधने हाती आली. २०१२ साली व त्यानंतर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून असे दिसले की, दोन्ही जातींची मापे एकमेकींत शिरतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील खाड्यांत लहान मापाचे म्हणून ‘फिनमार्किकस’ मानले गेलेले कित्येक जीव वस्तुतः ‘ग्लेशिॲलिस’ होते. आपला प्रदेश सोडून कोठेही गेले नव्हते ते जीव. चुकली होती ती माणसाची फूटपट्टी.

असाच धडा आपल्या किनाऱ्यावरही लागू आहे. ‘पॅराकॅलॅनस पार्वस’ हे नाव भारतीय किनाऱ्याच्या पुष्कळ याद्यांत आढळते. लॅटिन भाषेत ‘पार्वस’ म्हणजे लहान. क्लाउस याने १८६३ साली ही जाती वर्णिली व पुढे जगाच्या अनेक समुद्रांतील तशा चिमुकल्या जीवांना तेच नाव दिले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले की, या एका नावाच्या छत्राखाली प्रत्यक्षात अनेक जाती दडलेल्या आहेत. पहिल्या उदाहरणात लांबी पाहून नाव चुकले. दुसऱ्यात सारखेपणा पाहून अनेकांना एकच नाव मिळाले.

कोणी विचारील, एवढ्याशा जीवाचे नाव चुकले तर बिघडते काय? मित्रहो, याचे उत्तर आपल्या ताटात आहे. बांगड्याच्या आहारात वल्हेपायींचा मोठा वाटा असतो, तारलीही त्यांना खाते आणि कितीतरी माशांची नुकती जन्मलेली पिल्ले यांच्याच डिंभांवर वाढतात. युरोपातील उत्तर समुद्रात पाणी उबदार होत गेले, तसे थंड पाण्यातील फिनमार्किकस घटले व त्याचा उबदार पाण्यातील भाऊबंद ‘हेल्गोलँडिकस’ वाढला. या पालटाचा कॉड माशाच्या पिल्लांच्या जगण्याशी संबंध आहे, असे २००३ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. तो त्यांना का दिसला? १९३१ सालापासून जहाजांमागे यंत्र ओढून प्लवक गोळा करण्याचा परिपाठ तेथे चालू होता आणि हे दोन जुळे भाऊ पाचव्या पायाच्या दातांवरून वेगळे ओळखणारे डोळे तेथे होते. दोघांना एकच नाव दिले असते, तर एकूण बेरजेत तो पालट लपून गेला असता.

आपल्या देशातही या विद्येची परंपरा आहे. सीमोर सेवेल यांनी भारतीय समुद्रांतील वल्हेपायींवर १९२९ व १९३२ साली विस्तृत लेखन केले. कस्तुरीरंगन यांनी भारतीय किनाऱ्यावरील नित्याच्या जाती ओळखण्याची किल्ली १९६३ साली तयार केली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी जमविलेले प्लवकांचे नमुने कोचीच्या केंद्रात निवडले गेले, आणि त्या मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्य ठाणे आपल्याच गोव्यात, दोनापावला येथे आहे.

तुम्हांस हा अभ्यास करावयाचा असेल, तर चार नियम पाळा. बाटलीवर स्थळ, तारीख, वेळ व भरती-ओहोटी लिहा. लांबी मोजताना शेपटीकडचा बारीक भाग सोडून पुढच्या धडाचीच मोजा, कारण शेपटी वाकते व तिचे केस तुटतात. एकाच जीवाच्या मापावरून निष्कर्ष काढू नका; नर, मादी व पिल्ले वेगळी करून पुष्कळांची मापे घ्या. आणि जेथे खात्री नसेल, तेथे जातीचे नाव न लिहिता केवळ वंशाचे नाव लिहून थांबा. अपुरे पण खरे नाव हे पुऱ्या पण खोट्या नावापेक्षा केव्हाही बरे.

पुढच्या वेळी फेरीबोटीतून तेरेखोल ओलांडताना क्षणभर पाण्याकडे पाहा. जे सारखे दिसतात ते सारखेच असतील असे नाही, आणि जे लहानमोठे दिसतात ते वेगळेच असतील असेही नाही. खाडीच्या ओंजळभर पाण्याने शिकविलेला हा धडा शाळा सुटल्यावरही विसरू नका.