कागदाच्या कडेवरची तारीख नक्की कोणाची?

मैत्रिणींनो, गटाची फाईल उघडा आणि सेवा केंद्रातून छापून आणलेला कुठलाही कागद हातात घ्या. बँकेचा खातेउतारा असेल, सातबारा असेल, नाहीतर एखाद्या अर्जाची पोच. कागदाच्या अगदी कडेला बारीक अक्षरात एक तारीख आणि वेळ दिसेल. क्रोममधून छापलं असेल तर ती वरच्या डाव्या कोपऱ्यात असते, फायरफॉक्समधून छापलं असेल तर खाली उजवीकडे. आपण तिकडे बघतही नाही. पण बँकेतला माणूस कधी कधी नेमकी तीच बघतो, आणि फाईल परत येते.

ही कडेची तारीख बँकेने टाकलेली नसते, तहसीलनेही नाही. ज्या कॉम्प्युटरवरून कागद छापला त्याच्या घड्याळात त्या क्षणी जे होतं, ते ब्राउझरने कडेला उमटवलं, एवढंच. तोच कागद उद्या पुन्हा छापा, कडेला उद्याची तारीख येईल. आपल्या नाणेघाटातल्या लेण्यात दानाचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरले, ते आजही तेच आहेत. कडेच्या तारखेचं तसं नाही. कागदाची खरी तारीख असते ती आतली: 'उतारा दिनांक', 'डाउनलोड केल्याचा दिनांक', किंवा डिजिटल सहीच्या शेजारी आलेली. ती सरकारच्या किंवा बँकेच्या कॉम्प्युटरकडून येते.

आता कडेची तारीख चुकते कशी ते बघू. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो घड्याळ बरोबर असताना. समजा ४ ऑगस्ट २०२५ ला, सोमवारी, तुम्ही सातबारा छापून आणला. कडेला आलं '८/४/२५, ११:०५ एएम'. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. नवीन कॉम्प्युटरवर भाषा बऱ्याचदा अमेरिकन इंग्रजीच राहून गेलेली असते. आपण मात्र चेकवरच्या चौकोनांसारखं आधी दिवस, मग महिना वाचतो. म्हणजे बँकेत तो कागद ८ एप्रिलचा ठरला. 'तीन महिन्यांच्या आतला उतारा आणा' असा नियम असेल तर कालचा कागद चार महिन्यांचा म्हातारा झाला! उलटंही होतं. ९ फेब्रुवारीला छापलेला कागद २ सप्टेंबरचा वाटतो, म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवसाचा.

तारीख १३ किंवा पुढची असेल तर गोंधळ होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. '८/१३/२५' बघितलं की कोणालाही कळतं. पण महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत सांभाळा. १/१, २/२ असे दिवस वगळले तरी वर्षात १३२ दिवस असे येतात की तारीख दोन तऱ्हेने वाचता येते. आणि आपल्या बऱ्याच गटांचे हप्ते पहिल्या दहा-बारा दिवसांतच असतात!

दुसरी चूक वेळेच्या विभागाची. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. कॉम्प्युटरवर विभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला असेल, तर उन्हाळ्या-पावसाळ्यात तो आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे चालतो. मग सोमवारी सकाळी ११:०५ ला छापलेल्या कागदावर येतं रविवार, रात्री १०:३५. आता ऑडिटरने विचारलं की रविवारी रात्री साडेदहाला कुठलं सेवा केंद्र उघडं होतं, तर सचिव ताईंनी काय सांगायचं? बरं, दुपारनंतर छापलेल्या कागदावर दिवस बरोबर येतो. म्हणून 'आमच्याकडे कधी चूक होत नाही' असं केंद्रचालक म्हणाला, तर तो खोटं बोलतोय असं नाही. त्याने सकाळचा कागद नीट बघितलेला नसतो.

तिसरी चूक आपल्या डोंगरपट्ट्यात नेहमीची म्हणावी अशी. कॉम्प्युटरच्या आत बटणासारखा एक सेल असतो, बहुतेक वेळा सीआर २०३२ नावाचा. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. पावसाळ्यात लाइट जाते, मशीन बंद पडून राहतं, आणि सेल जुना असेल तर घड्याळ कित्येक वर्षं मागच्या तारखेला जाऊन बसतं. पण ही चूक लपत नाही. तारीख इतकी मागे गेली की बँकेच्या, सरकारच्या साइट उघडतच नाहीत. 'तुमचे घड्याळ मागे आहे' अशी सूचना येते, कारण प्रत्येक साइटच्या सुरक्षा दाखल्याला मुदत असते आणि ती कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून बघितली जाते. चालक मग घाईत हाताने तारीख घालतो आणि तिथे एका दिवसाची चूक राहते. एका दिवसाच्या चुकीने साइट सहसा अडत नाही. सेल स्वस्तात मिळतो. तो बदलायला सांगा.

दुरुस्ती अवघड नाही. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'टाइम अँड लँग्वेज', मग 'डेट अँड टाइम' उघडा. विभाग 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' हा निवडा. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि नेट असेल तेव्हा 'सिंक नाऊ' दाबा. तिथेच 'लँग्वेज अँड रिजन'मध्ये तारखेची पद्धत भारताची ठेवा. तरी क्रोममध्ये महिना आधी येत असेल, तर क्रोमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये भाषा 'इंग्लिश इंडिया' किंवा मराठी करा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा. विभाग न बदलता नुसते काटे पुढे सरकवू नका. घड्याळ दिसायला बरोबर होतं, पण काही साइटवर व्यवहारांच्या वेळा उलट्यापालट्या दिसायला लागतात.

कडेची तारीख नकोच असेल तर छापताना 'मोअर सेटिंग्ज'मध्ये 'हेडर्स अँड फूटर्स'ची खूण काढा. त्याहून चांगलं म्हणजे पीडीएफ डाउनलोड करून तीच छापायची. पीडीएफवर ब्राउझर आपली तारीख चढवत नाही, जी आत आहे तीच राहते. सातबाऱ्याला तर हे करायलाच हवं. फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. कामाला लागतो तो १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल सहीचा, आणि तो पीडीएफच असतो.

एक उलटी फसगतही आहे. कडेची तारीख आजची, पण आतली शिल्लक कालची! पान काल उघडून ठेवलं होतं आणि आज नुसतं छापलं, की असं होतं. म्हणून छापण्याआधी एफ ५ दाबून पान ताजं करून घ्यायला सांगा.

केंद्रात गेल्यावर पैसे देण्याआधी कागद हातात घ्या आणि आपल्या फोनवरच्या तारखेशी ताडून बघा. चूक दिसली तर तिथेच दुसरी प्रत मागा. घाटघरहून जुन्नरला पुन्हा जायचं म्हणजे एसटी, भाडं आणि एका दिवसाची मजुरी गेली. छापलेल्या तारखेवर पेनाने गिरवू नका. खाडाखोड दिसली की खरा कागदही संशयात पडतो. आणि 'मागची तारीख हवी का, घड्याळ मागे करून देतो' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तो खोटा कागद होतो, आणि फाईलवर सही असते अध्यक्ष-सचिवांची.

जुना चुकीचा कागद फाईलमध्ये असेल आणि नवीन मिळणार नसेल, तर तो काढून टाकू नका. पुढच्या बैठकीत ठराव वहीत नोंद घ्या: कागद कोणता, प्रत्यक्ष कोणत्या दिवशी छापला, कडेला काय आलंय, आतली तारीख काय आहे. महिना अक्षरात लिहा, '४ ऑगस्ट २०२५' असा. आणि त्या नोंदीच्या पानाचा नंबर कागदाच्या मागे पेन्सिलीने टाकून ठेवा.