ऐबारचे पिस्तूल

परवान्यावर शस्त्र बाळगणाऱ्या गृहस्थांच्या बैठकीत थोडा वेळ बसले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ज्या पिस्तुलावर परदेशी कारखान्याचे नाव कोरलेले असेल त्याच्याविषयी बोलताना भल्याभल्यांच्या बोलण्यात एक प्रकारची अदब येते, आणि ते पिस्तूल घडून पाऊणशे वर्षे उलटली आहेत, ते घडवणारी पेढी केव्हाच लयाला गेली आहे व त्याची एक साधी स्प्रिंगही आज कोणत्याच बाजारात मिळण्याजोगी नाही, या सर्व गोष्टी त्या अदबीपुढे गौण ठरतात. या भक्तिभावाला कारण आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात आपल्या सरकारने बंद केली. त्यामुळे त्यापूर्वी जी शस्त्रे देशात आली तीच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे, बापाकडून मुलाकडे आणि विधवांकडून विक्रेत्यांकडे फिरत राहिली, आणि जी वस्तू नव्याने येणारच नाही तिचे मोल तिच्या गुणांशी फारकत घेऊन वाढत गेले. त्यातही नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे सारी मागणी .३२ बोअरवर, म्हणजे युरोपात ज्याला ७.६५ मिलिमीटर म्हणतात त्या काडतुसाच्या पिस्तुलांवर, एकवटलेली आहे.

या .३२च्या जगातही वर्णव्यवस्था आहे. जर्मन वाल्थर पीपी, बेल्जियमचे ब्राउनिंग, अमेरिकन कोल्ट आणि इंग्लंडचे वेब्ली अँड स्कॉट ही वरच्या आळीतील मंडळी. त्यांची किंमत ऐकूनच मध्यम स्थितीतला माणूस उठून जातो. त्यांच्या पुष्कळ खालच्या पायरीवर स्पॅनिश पिस्तुले बसलेली असतात, आणि 'इम्पोर्टेड हवे, पण बेताचे हवे' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे विक्रेता जे फडके उलगडतो त्यात बहुधा हीच निघतात. माझ्याही वाट्याला असेच एक आले.

आमचा पेट्रोलपंप सातारा जिल्ह्यात, महामार्गालगत पण वस्तीपासून दूर आहे, आणि रोजची रोकड तालुक्याच्या बँकेत नेण्याचे काम वडिलांच्या मागे माझ्याकडे आले. अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, २०१६च्या नियमांप्रमाणे घ्यावे लागणारे शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतील खेटे हे सारे यथासांग पार पडून परवाना हाती आला, तेव्हा मुदतीच्या आत शस्त्र घेऊन त्याची नोंद करून घेणे भाग होते. विक्रेत्याने सांगितलेली स्पॅनिश पिस्तुलाची किंमत आपल्या शासकीय आयुध कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या .३२ पिस्तुलाहून फारशी निराळी नव्हती. तेवढ्याच पैशात परदेशी पोलाद मिळते आहे, हा हिशेब मी एकट्यानेच केला असे नाही. माझ्याबरोबर आलेले वकीलसाहेब, जे स्वतः पंचवीस वर्षे परवानाधारक आहेत, त्यांनीही तोच केला.

त्या पोलादाचा पूर्वेतिहास मी नंतर वाचला, आणि तो इतका उद्बोधक आहे की खरेदीपूर्वी प्रत्येकाने वाचावा. स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतात ऐबार नावाचे डोंगरात वसलेले गाव आहे. शस्त्रे घडवणे हा तेथील पिढीजात धंदा, आणि परदेशी शोधाचे उत्पादन स्पेनमध्येच ठराविक मुदतीत सुरू न झाल्यास त्याच्या एकाधिकाराला तेथील कायदा फारसे संरक्षण देत नसल्यामुळे अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या व ब्राउनिंगच्या पिस्तुलांच्या नकला हा त्या गावाचा राजरोस व्यवसाय झाला होता. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि फ्रान्सच्या सैन्याला पिस्तुलांची तीव्र टंचाई भासू लागली. गाबिलोंदो या पेढीने ब्राउनिंगच्या १९०३च्या नमुन्यावरून बेतलेले 'रूबी' नावाचे ७.६५चे पिस्तूल पुढे केले; फ्रेंचांनी १९१५मध्ये दरमहा दहा हजार नगांची मागणी नोंदवली आणि ती पाहता पाहता तीस हजारांवर गेली. एका पेढीला हे झेपणे अशक्य होते. प्रथम तिने शेजारच्या कारखान्यांना पोटमक्ते दिले, मग इतरांनी परस्पर फ्रेंचांशी करार केले, आणि अखेरीस पन्नासाच्या आसपास लहानमोठे कारखाने, ज्यांतले कित्येक घराच्या तळमजल्यावर चालणारी कानशीचीच दुकाने होती, बाह्यतः सारखे दिसणारे एकच पिस्तूल आपापल्या मापाने घडवू लागले.

खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. सुटे भाग एकसारखे नव्हते, इतकेच काय, एका कारखान्याचे मॅगझीन दुसऱ्याच्या पिस्तुलात नीट बसेना. तेव्हा फ्रेंच सैन्याला प्रत्येक कारखान्यासाठी दोन अक्षरांची खूण ठरवून ती पिस्तुलावर व मॅगझिनावर उमटवावी लागली. काही कारखान्यांचे पोलाद चांगले होते, काहींचे इतके मऊ, की चापाच्या आतील ज्या कोरेवर घोडा अडून राहतो ती कोर थोड्या वापरानेच झिजावी. युद्ध संपले, मागणी आटली, आणि तीच घडण नाना नावांनी जगभरच्या बाजारात स्वस्तात जाऊ लागली. शस्त्राची शासकीय कसोटी घेऊन शिक्का मारण्याची सक्ती स्पेनमध्ये १९२०च्या दशकात आली; त्यापूर्वीच्या पुष्कळ पिस्तुलांवर असा शिक्का नसतोच.

माझ्या पिस्तुलावर पेढीचे नाव होते, पण तिचा ठावठिकाणा सांगणारा कोणी नव्हता. त्यामुळे येथे ते नाव घेण्यात अर्थ नाही. रायफल क्लबच्या मैदानावर, तेथील प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, पहिल्या मॅगझिनाच्या फैरी निर्वेध झडल्या आणि आम्ही समाधान पावलो. दुसरे मॅगझीन चढवल्यावर मात्र रिकामे टरफल बाहेर न पडता स्लाइडच्या तोंडात उभे अडकले. ते काढून पुन्हा चाप ओढला तो बारच उडाला नाही, आणि त्या काडतुसाच्या बुडावर पिनेचा जो ठसा दिसला तो नखाने उमटवल्यासारखा उथळ होता. प्रशिक्षकांनी पिस्तूल निशाणाकडेच रोखून धरण्यास सांगितले, काही वेळ जाऊ दिला आणि मग काडतूस बाहेर काढवले. ज्याचा बार उडाला नाही असे काडतूस उशिराने उडू शकते, हे परवानाधारकांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

पुण्यातील एका वृद्ध कारागिरांनी पिस्तूल खोलून जे दाखवले त्यात रहस्य असे काही नव्हते. दुसरे मॅगझीन मूळचे नव्हतेच; कोणा दुसऱ्या कारखान्याचे मॅगझीन कानशीने घासून बसते केलेले होते आणि त्याचे वरचे ओठ फाकले होते. घोड्याची स्प्रिंग बदललेली होती व ती बेताचीच होती. टरफल ओढणाऱ्या आकड्याची धार बोथट झाली होती. ".३२चे काडतूस बुडाशी किंचित बाहेर आलेल्या कडेचे असते," असे सांगून त्यांनी मला मॅगझीन भरण्याची रीतही दाखवली: वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत गुंततात व मॅगझीन मध्येच अडते, म्हणून प्रत्येक काडतूस खालच्याच्या पुढे सरकवूनच बसवावे. ".३२ म्हटले की सगळे एकच, असे समजू नका, साहेब," असेही त्यांनी बजावले. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस वेगळे आणि पिस्तुलाचे वेगळे. परवान्यावर नुसता बोअर लिहिलेला असला तरी दुकानातून घेताना हा भेद स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा.

स्प्रिंग त्यांनी हाताने करून दिली आणि दोष पुष्कळसा गेला. पण 'पुष्कळसा' या शब्दावर स्वसंरक्षण उभे राहत नाही. शस्त्राचा भरवसा ही श्रद्धेची नव्हे, मोजणीची बाब आहे. इतर देशांत, जेथे काडतुसे किराणा मालासारखी मिळतात, तेथे नवे पिस्तूल घेतलेला माणूस दोनशे-तीनशे फैरी झाडून मगच ते कमरेला लावतो. तेवढ्या फैरींत ते एकदाही अडले नाही तर त्याच्याविषयी काही अनुमान बांधता येते. आपल्याकडे परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घ्यायची याची संख्या घातलेली असते, झाडलेल्या काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो, आणि स्वसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानात जाऊन नेम धरण्याची मुभा नव्हे. म्हणजे ज्या शस्त्राची परीक्षा सर्वांत अधिक व्हायला हवी, त्याच जुन्या, अनेक हातांतून गेलेल्या, सुटे भाग नसलेल्या शस्त्राची परीक्षा करण्याचे साधन आपल्या हाती सर्वांत कमी असते. कित्येक परवानाधारक आयुष्यात दहा-वीस फैरींपलीकडे जात नाहीत, आणि त्यांचे पिस्तूल 'कधी दगा देत नाही' ही त्यांची खात्री त्या दहा-वीस फैरींवरच उभी असते. आपल्या परिस्थितीत स्वस्त विलायती पिस्तूल घेऊ नये या माझ्या मताचा आधार स्पेनच्या कारागिरीविषयीचा पूर्वग्रह नाही. ही न होणारी मोजणी हाच तो आधार आहे.

तरीही ज्याला घ्यायचेच आहे त्याने निदान काही गोष्टी पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः खात्री करून स्लाइडवरचा, सांगाड्यावरचा आणि, असल्यास, नळीवरचा क्रमांक एकच आहे का हे पाहावे, आणि तोच विक्रेत्याच्या परवान्यावर अक्षरशः तसाच आहे का हेही. एका अंकाची चूक पुढे ठाण्यात आणि कचेरीत किती वर्षे पुरते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. कसोटीचे शिक्के शोधावेत. १९२७पासून स्पॅनिश शिक्क्यांत वर्षाचे अक्षर येऊ लागले. ते सापडले तर पिस्तुलाचे वय विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याची गरज उरत नाही. नळी प्रकाशाकडे धरून आतील आटे पाहावेत: काळपट असणे क्षम्य, पण एका जागी फुगल्यासारखे वलय दिसले तर तेथेच थांबावे. मॅगझीन एकच मिळत असेल तर किंमत कितीही कमी असो, सौदा महागच समजावा, कारण या जातीच्या पिस्तुलाचे अर्धे आयुष्य मॅगझिनात असते. या घडणीचा सुरक्षेचा खटका चापाच्या वर, सांगाड्याच्या मधोमध असतो आणि तो मुख्यतः चापालाच अडवतो. पिस्तूल हातून पडले असता पिनेला रोखून धरणारी जी योजना आजच्या पिस्तुलांत असते ती यांत नाही. म्हणून नळीत काडतूस ठेवून ही पिस्तुले कधीही बाळगू नयेत, मग मूळ मालक काहीही सांगो. आणखी एक खर्च कोणी धरत नाही: निवडणूक जाहीर झाली की पुष्कळदा शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते, आणि पावसाळ्यात ठाण्याच्या मालखान्यात काही आठवडे राहून आलेल्या जुन्या पिस्तुलाचा रंग पाहिला की तेलाच्या बाटलीचे महत्त्व कळते.

सगळी स्पॅनिश पिस्तुले एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. १९३६ ते १९३९च्या यादवी युद्धात ऐबारवर बॉम्ब पडले, आणि युद्धानंतर फ्रँको सरकारने पिस्तुले घडवण्याची मुभा फक्त तीन पेढ्यांना दिली: ऐबारची स्टार, गेर्निकाची अस्त्रा, आणि लामा हे नाव लावणारी तीच जुनी गाबिलोंदो. या तिघींची युद्धोत्तर पिस्तुले नेटकी आहेत व आपल्या देशात ती अजून पाहायला मिळतात. पण आज या तिन्ही पेढ्या बंद आहेत. उत्तम घडणीचे पण वारस नसलेले यंत्र आणि सामान्य घडणीचे पण ज्याचा कारखाना अजून धूर काढतो आहे असे यंत्र, यांत निवड करायची झाली तर मी दुसरे निवडीन. शासकीय कारखान्याच्या पिस्तुलाची मूठ ओबडधोबड आहे, चाप जड आहे, आणि बैठकीत ते काढले असता कोणी मान डोलावत नाही. पण त्याला हमीपत्र असते आणि मॅगझीन मागवले तर येते. ज्याला चापाच्या दोन-चार ओढी पुरेशा वाटतात आणि देखभालीचा कंटाळा आहे, त्याने कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा विचार करावा. त्यात अडकायला मॅगझीनच नाही, आणि एक बार उडाला नाही तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस समोर येते.

मी शेवटी ते पिस्तूल विकायचे ठरवले. येथेही घाई चालत नाही: १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे विक्रीचा इरादा व घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्यावाचून शस्त्र हवाली करता येत नाही. घेणारे गृहस्थ शेजारच्या जिल्ह्यातील बागाईतदार होते. मी त्यांना कारागिराचा सारा अभिप्राय ऐकवला, बदललेली स्प्रिंग दाखवली, दुसऱ्या मॅगझिनावर तांबड्या रंगाची खूण करून ते भरू नये असे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण पीस इम्पोर्टेड आहे ना?" मी होय म्हणालो. मुदत संपल्यावर दोन्ही मॅगझिने, ठाण्याची पोच आणि दोषांचा एक सहीनिशी कागद त्यांच्या हवाली केला. त्या कागदाची त्यांची सही असलेली प्रत माझ्या दप्तरात आहे, आणि जुने शस्त्र विकणाऱ्या प्रत्येकाने अशी एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.