दोराचे दुसरे टोक

गिर्यारोहकाच्या दोराला दोन टोके असतात आणि बहुधा दोन्ही टोकांना माणसे असतात. वरचा चढत असतो तेव्हा खालचा दोर सांभाळतो. वरच्याचा पाय निसटला, तर त्याचे प्राण खालच्याच्या सावध हातांवर अवलंबून असतात. म्हणूनच उभ्या, अनोळखी कड्यावर एकट्याने जाण्याचे अनुभवी आरोहकही टाळतात. ऑगस्ट १९५५ मध्ये वाल्टर बोनात्ती या पंचवीस वर्षांच्या इटालियन आरोहकाने मात्र नेमके हेच करायचे ठरवले.

या निश्चयामागे एक जखम होती. आदल्या वर्षी के-टू शिखरावर गेलेल्या इटालियन मोहिमेत बोनात्ती सर्वांत तरुण होते. शिखरावर जाणाऱ्या दोघांसाठी प्राणवायूच्या नळकांड्या वाहून नेण्याचे काम त्यांनी हुंझा प्रांतातील भारवाहक अमीर महदी यांच्यासह केले. ठरलेल्या जागी तंबू नव्हता. अंधार पडला आणि सुमारे ८,१०० मीटर उंचीवर, उघड्या हिमात दोघांनी रात्र काढली. हिमदंशामुळे महदींना पायांची बोटे गमवावी लागली. दुसऱ्या दिवशी शिखर सर झाले, जयजयकार झाला. बोनात्तींच्या मनात मात्र सोबत्यांविषयीचा विश्वासच उरला नाही.

फ्रान्समधील शामोनी गावाजवळ, मेर द ग्लास हिमनदीच्या वर, प्ती द्रू हे ३,७३३ मीटर उंचीचे ग्रॅनाइटचे शिखर भाल्याच्या पात्यासारखे उभे आहे. त्याच्या नैर्ऋत्येचा प्रस्तरस्तंभ तोवर कोणीही चढले नव्हते. सोबत्यांसह केलेला बोनात्तींचा स्वतःचा प्रयत्नही वादळाने उधळून लावला होता. १७ ऑगस्टला ते एकटेच त्या स्तंभाला भिडले.

दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस नसेल, तर त्याचे काम कोणी करायचे? बोनात्तींनी ते खडकाकडूनच करून घेतले. दोराचे खालचे टोक ते भेगेत ठोकलेल्या मेखेला बांधत आणि वाटेत आणखी मेखा ठोकत वर जात. वर पक्की जागा मिळाली, की दोर तेथे अडकवून पुन्हा खाली उतरत, ठोकलेल्या मेखा उपटून घेत, तोच टप्पा दुसऱ्यांदा चढत आणि मग सामानाची जड पिशवी ओढून घेत. म्हणजे प्रत्येक टप्पा दोनदा चढायचा आणि एकदा उतरायचा! धाडसापेक्षा या कंटाळवाण्या, काटेकोर श्रमानेच त्यांना वर नेले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. बोलायला कोणी नव्हते, म्हणून ते त्या पिशवीशीच बोलू लागले.

संकटेही आली. हातोड्याच्या घावाने एका बोटाचे टोक चिरडले गेले. पिशवीतील एका मेखेने स्पिरिटच्या बाटलीला छिद्र पाडले. इंधन तर गेलेच, पण त्यात भिजून बरेचसे खाद्यपदार्थही नासले. बर्फ वितळवण्यासाठी चूल पेटेना आणि तहान भागेना. रात्री अरुंद कपारीत, दोराला बांधून घेऊन बसल्या बसल्याच काढाव्या लागल्या.

पाचव्या दिवशी वाट संपली. डोक्यावर पुढे झुकलेला गुळगुळीत कातळ होता. मेख शिरेल एवढी भेगही त्यात नव्हती. ज्या मार्गाने ते तेथवर आले होते, त्याने परतणेही शक्य नव्हते. काही मीटर पलीकडे, वरच्या बाजूला, खडकाची काही टोके हाताच्या बोटांसारखी बाहेर आलेली दिसत होती. बोनात्तींनी दोराला गाठी मारल्या आणि तो गुंता त्या टोकांच्या दिशेने भिरकावला. दोर निसटून परत आला. त्यांनी पुन्हा फेकला, पुन्हा निसटला. अनेक प्रयत्नांनंतर एकदा तो अडकला. कितपत घट्ट, हे ओढून पाहण्यापलीकडे समजण्याचा मार्ग नव्हता. क्षणभर ते थांबले, मग त्यांनी पायाखालची जागा सोडली आणि शेकडो मीटर खोल पोकळीवर झोका घेतला. गाठ टिकली. हातांवर भार देत ते दोराने वर चढून गेले आणि २२ ऑगस्टला शिखरावर पोहोचले.

पुढे १९६५ मध्ये मॅटरहॉर्नचा उत्तर कडा भर हिवाळ्यात, नव्या मार्गाने आणि एकट्यानेच चढून बोनात्तींनी अतिकठीण आरोहणातून निवृत्ती घेतली. के-टूवरील त्या रात्रीची त्यांनी सांगितलेली हकिकत इटलीच्या गिर्यारोहण संस्थेने पन्नासहून अधिक वर्षांनी मान्य केली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

द्रूवरील त्यांचा स्तंभ त्यांच्या आधीच गेला. भेगांमधील कायम गोठलेले बर्फ वाढत्या उष्म्याने वितळू लागले, तसा खडकांना धरून ठेवणारा आधार सुटू लागला. १९९७ पासून दरडी कोसळत होत्या. जून २००५ च्या अखेरीस अडीच लाख घनमीटरांहून अधिक कातळ खाली आला आणि त्याबरोबर तो स्तंभही. त्या जागी आता फिकट रंगाचा एक प्रचंड व्रण शामोनीच्या खोऱ्यातून दिसतो.