शेवाळाची रसद तोडा

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आमच्या समुद्री मत्स्यटाकीतला एकही खडक दिसत नव्हता. सगळीकडे केसांसारखे लांब हिरवे शेवाळ! बाबांच्या नोकरीमुळे आमचे घर सध्या कोचीला आहे. दोनशे लिटरची टाकी, दोन क्लाउनफिश आणि कृत्रिम खडक एवढाच पसारा. खरे दगडी प्रवाळ आम्ही ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघाप्रमाणे तेही आहेत.

माशांना खाणे धाकटी बहीण घालते. "तूच जास्त घातलंस," असे मी तिला सुनावले. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून टाकीजवळ फिरकली नाही.

मी ब्रश घेऊन टाकीतच सगळे खडक घासले. दहा दिवसांत शेवाळ पुन्हा हजर, आता काचेवरही. घासताना सुटलेले तुकडे सगळीकडे जाऊन रुजले होते.

मग पाणी तपासले. नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट मात्र जवळजवळ शून्य. मी गोंधळलो. बाबा म्हणाले, "ताटात काही उरलं नाही, म्हणजे वाढलंच नव्हतं का?" फॉस्फेट येत होते, पण शेवाळ ते लगेच शोषून घेत होते.

ते येत कुठून होते? टाकीतले पाणी रोज वाफ होऊन कमी होते, पण विरघळलेले पदार्थ मागेच राहतात. तूट भरायला नळाचे पाणी घाला, असे मीच सांगून गेलो होतो. त्यातले नको ते पदार्थ महिनोन्‌महिने साचत गेले. दिव्याचा टायमरही मीच बारा तासांवर लावला होता. खाणे थोडे जास्त पडत होते हे खरे, पण मोठ्या दोन चुका माझ्या होत्या.

१७६१ मध्ये पानिपतावर रसद तुटल्याने मराठी फौज लढाईआधीच उपासमारीने खचली होती, हे आपण इतिहासात शिकतो. शेवाळालाही असेच उपाशी ठेवावे लागते. आम्ही केले ते असे:

१. खडक टाकीबाहेर, टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत घासले व ते पाणी फेकले. काचेवरचे शेवाळ खरवडताना तुकडे नळीने ओढून घेतले.

२. तूट भरायला फक्त आरओ-डीआय गाळणीचे पाणी. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलले. नव्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून विशिष्ट घनता १.०२५ ठेवली.

३. दिवा सातच तास.

४. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच. गोठवलेले खाणे वितळवून, गाळून मगच घातले.

५. शेवटी टर्बो गोगलगायी सोडल्या. त्या आखूड, कोवळे शेवाळ खातात. लांब वाढलेल्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून आधी सफाई, मग गोगलगायी.

पहिले तीन आठवडे फरक दिसेना. औषध ओतून मोकळे व्हावे, असे वाटे. बाबांनी थांबवले. पाचव्या आठवड्यात खडक पुन्हा दिसू लागले.

त्याच दिवशी मी बहिणीची माफी मागितली आणि टाकीची वही तिच्या हाती दिली. आता दर रविवारी पाणी तीच तपासते आणि मला पत्रातून कळवते. मागच्या पत्रात लिहिले होते, "दादा, नायट्रेट १०. खाणे दोनच मिनिटांचे. आणि नळाचे पाणी मी कुणाला घालू देत नाही, तुलाही नाही."

(कॅडेट, इयत्ता दहावी)