लपवलेलं आड येतं

माझ्या भाच्याची केंद्रीय सशस्त्र दलात निवड झाली आणि साक्षांकन नमुना भरायला तो झेरॉक्सच्या दुकानात बसला. ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ या रकान्यापाशी तो अडला. कॉलेजात असताना बांधाच्या भांडणात भावकीने त्याचंही नाव फिर्यादीत घातलं होतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 323 आणि 504, म्हणजे मारहाण आणि अपमान. पुढे तडजोड झाली, सगळे सुटले. दुकानातल्या जाणत्यांनी सांगितलं, ‘‘सुटलास ना? मग कशाला लिहितोस?’’ त्याने ‘नाही’ लिहिलं. पोलिसांच्या अहवालात ती केस आलीच, आणि मागोमाग कारणे दाखवा नोटीस.

तो माझ्याकडे आला तेव्हा कुणीतरी लिहून दिलेलं उत्तर त्याच्या हातात होतं : ‘सदर माहिती अनवधानाने राहून गेली.’ मी विचारलं, ‘‘खरंच राहून गेली का रे?’’ त्याने मान खाली घातली. ‘‘नाही मामा.’’ ते उत्तर बाजूला ठेवून आम्ही नव्याने लिहिलं. लोकांचं ऐकून ‘नाही’ लिहिलं, ते चूक होतं. भांडण असं झालं. निकाल असा लागला. फिर्यादीची प्रत आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोडली. बरेच महिने जीव टांगणीला लागला, पण नेमणूक मिळाली. सगळ्यांनाच मिळते असं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, ही ताकीद नमुन्याच्या सुरुवातीलाच छापलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात याचा सविस्तर विचार केला. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखं किरकोळ प्रकरण दडवलं असेल, तर अधिकारी ते माफ करू शकतो. मात्र खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असंही नाही. पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार त्याच्याकडे राहतो. आणि नमुन्यात जे विचारलंच नाही, ते लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही.

तेव्हा प्रश्न शब्दन्‌शब्द वाचा. अटक, गुन्हा, खटला, दंड, परीक्षेला बसण्यास मनाई, यांतलं जे विचारलं असेल त्याला सरळ उत्तर द्या. सुटका झाली असेल तर तसं पुढे लिहा. नाव फिर्यादीत आहे की नाही याची खात्री नसेल, तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. नमुना दिल्यानंतर काही घडलं, तर तेही त्याच कार्यालयाला लगेच कळवायचं असतं. चुकीचं लिहून बसला असाल, तर नोटिशीची वाट पाहू नका. आजच दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. विचारण्याआधी सांगितलेल्या सत्याला जे वजन असतं, ते पकडल्यावर दिलेल्या खुलाशाला येत नाही.

आणि घरच्या मोठ्यांनो, पोराला ‘लिहू नकोस’ म्हणण्याआधी विचार करा. सल्ला तुमचा असला, तरी सही त्याची असते.